कळ एक, अक्षरे दोन

संगणकावर मराठी लिहिणे आता अवघड राहिलेले नाही असे आपण म्हणतो, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. पत्र लिहावे, लेख लिहावा, हिशेबाच्या तक्त्यात नावे भरावीत. काही अडत नाही. पण लिहिणारा माणूस नुसती अक्षरे उमटवत बसत नाही. तो शब्द खोडतो, ओळ उचलून दुसरीकडे नेतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो. सराईत माणूस ही कामे माउसला हात न लावता कळफलकावरूनच उरकतो. या योजनेला शॉर्टकट म्हणतात, आणि नेमकी येथेच मराठीत लिहिणाऱ्याची अडवणूक होते. ती का होते, आणि तिच्यातून वाट कशी काढावी, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. कळ दाबली म्हणजे कळफलक यंत्राकडे अक्षर पाठवीत नाही. अमुक जागेची कळ दाबली गेली, एवढीच वर्दी तो देतो. त्या जागेतून कोणते अक्षर निघावे हे संगणकात चालू असलेली मांडणी ठरवते. इंग्रजी मांडणीत जिच्यातून 'सी' निघतो, त्याच कळीतून मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'म' निघतो. आता 'कंट्रोल' आणि 'सी' दाबले की मजकुराची नक्कल होते, ही आज्ञा कोणाला बांधलेली आहे? जागेला, की अक्षराला? ज्याने जन्मभर एकच लिपी वापरली त्याला हा प्रश्न सुचण्याचे कारणच नाही. आणि एडिटर बनवणारे बहुतेक लोक अशाच लिपीतले होते.

विंडोजमध्ये ही अडचण बहुतांशी मिटलेली आहे. तेथे प्रत्येक जागेला मांडणीखेरीज आणखी एक गुप्त नाव दिलेले असते, आणि मराठी मांडणी चालू असली तरी 'सी'च्या जागेचे ते नाव 'सी'च राहते. मॅकवर बऱ्याच बिगर-लॅटिन मांडण्या कमांडची कळ दाबून धरली असता तेवढ्यापुरत्या लॅटिन होतात. लिनक्सवरील काही प्रोग्राम यादीतल्या दुसऱ्या मांडणीत डोकावून लॅटिन अक्षर शोधतात. मात्र जे एडिटर टर्मिनलच्या खिडकीत चालतात त्यांच्यापर्यंत जागेची वर्दी पोहोचतच नाही; त्यांच्या हाती केवळ अक्षराचा क्रमांक येतो. आस्की संकेतात मोठ्या 'सी'चा क्रमांक ६७; कंट्रोल दाबले की त्यातून ६४ वजा होतात आणि ३ उरतात, कारण 'सी' हे तिसरे अक्षर. 'म'चा युनिकोड क्रमांक आहे २३५०. त्यातून ६४ वजा करून काय मिळवणार? 'कंट्रोल म' नावाची वस्तू त्या संकेतात नाहीच.

विम या एडिटरात तर हा घोळ कळसाला जातो. त्याचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कले येथे लिहिला. या घराण्यात दोन अवस्था असतात: एकीत अक्षरे लिहायची, दुसरीत तीच अक्षरे आज्ञा म्हणून वापरायची. एच, जे, के, एल या कळांनी कर्सर डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जातो. ही चारच अक्षरे का? जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करीत होते त्याच्या या चार कळांवर बाणच छापलेले होते. मौज पाहा: आज्ञा जन्मली जागेतून, पण नोंदली गेली अक्षराच्या नावावर. रशियन माणूस त्याच जागा दाबतो तेव्हा एर, ओ, एल, दे ही त्याची अक्षरे निघतात. आपण दाबतो तेव्हा प, र, क, त. बोटे बरोबर असतात आणि एडिटर ढिम्म उभा राहतो. जतन करून बाहेर पडण्यासाठी अपूर्णविराम, डब्ल्यू, क्यू दाबावे, तर निघतो 'छ' आणि त्याच्या पाठीवर 'ै' व 'ौ' या दोन मात्रा!

यावर सुचणारा पहिला उपाय असा, की प्रत्येक मराठी अक्षराला त्याच्या जागेवरील आज्ञा जोडून द्यावी. विममध्ये यासाठी 'लँगमॅप' नावाची सोय आहे, आणि रशियन लोक ती सर्रास वापरतात. त्यांचे साधते, कारण तेथे एक कळ आणि एक अक्षर असा सरळ व्यवहार आहे. आपल्या लिपीत तसे नाही. इनस्क्रिप्टमध्ये 'डी'च्या जागी हलन्त आहे, 'जे'च्या जागी 'र' आहे. आणि वरच्या ओळीत रकार देणारी एक कळ आहे, ती एका दाबात हलन्त व 'र' अशी दोन चिन्हे पाठवते. जोडणी एकास एक केली, तर त्या एका दाबाचा अर्थ होईल 'डी' आणि मग 'जे'. विमच्या भाषेत ही आज्ञा म्हणजे चालू ओळ आणि तिच्या खालची ओळ खोडून टाका. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांच्या कळांनाही असेच जोडशेपूट आहे. म्हणून हा मार्ग मराठीसाठी आम्हांला धोक्याचा वाटतो.

दुसरा मार्ग उलट्या दिशेचा आहे, आणि आमची पसंती त्याला आहे. संगणकाची मांडणी लॅटिनच ठेवावी आणि मराठी करण्याचे काम एडिटरवर सोपवावे. विममध्ये याला 'कीमॅप' म्हणतात. लिहिण्याच्या अवस्थेत 'कंट्रोल' व ६ची कळ दाबली की मराठी सुरू होते. एस्केप दाबून आज्ञेच्या अवस्थेत आलो की सर्व कळा आपोआप लॅटिन. शिवाय ओळीतले पुढचे एखादे अक्षर गाठणारी 'एफ'ची आज्ञा दिली, तर 'एफ' लॅटिन राहतो आणि त्यामागून दाबलेले अक्षर मात्र मराठी होते. म्हणजे आज्ञा कोणती आणि मजकूर कोणता, हा विवेक एडिटर स्वतः करतो. एका कळीला 'क्ष'सारखा पुरा गुच्छही देता येतो. त्यासाठी लॅटिन चिन्ह आणि त्यापुढे मराठी चिन्ह अशी एक यादी फाईलमध्ये लिहावी लागते. शंभराच्या आत ओळी, एका दुपारचे काम. ईमॅक्स वापरणाऱ्यांना तेवढेही कष्ट नाहीत. त्यात 'कंट्रोल' आणि उलटी तिरकी रेघ दाबून लेखनपद्धती बदलते, देवनागरी इनस्क्रिप्ट तयारच मिळते, आणि कंट्रोलसह दिलेल्या आज्ञांना ही पद्धती हात लावत नाही.

कित्येकजण या कटकटीला कंटाळून मराठी रोमन अक्षरांतच लिहू लागतात, किंवा इनस्क्रिप्टला नावे ठेवतात. हा दोष तिच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. १९९१च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली ही मांडणी स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला देते, आणि बंगाली, गुजराती, कन्नड या लिप्यांतही 'क'ची जागा तीच ठेवते. त्यामुळे कोणी एकाने मराठीसाठी केलेली यादी शेजारच्या भाषेतला माणूस उजवीकडची चिन्हे बदलून तशीच वापरू शकतो.