विश्लेषण : जुने सॉफ्टवेअर, नवे विंडोज, ‘व्हर्च्युअल पॅकेज’ने प्रश्न कितपत सुटतो?

विंडोज १० साठीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्री असो, शहरातील छापखाना असो की एखादी सहकारी संस्था, जेथे जुन्या सॉफ्टवेअरवर रोजचे काम चालते तेथे एकच प्रश्न आहे : संगणक नवा घेतला तरी त्यावर जुना प्रोग्राम चालणार का? त्यावरील एक उपाय म्हणजे ‘ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन’. तो काय करतो आणि काय करू शकत नाही, याचा आढावा...

अडचण नेमकी कोठे आहे?

सॉफ्टवेअर इन्स्टॉल केले की त्याच्या फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये पसरतात आणि विंडोजच्या ‘रजिस्ट्री’ या नोंदवहीत शेकडो नोंदी होतात. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये बनवलेला हिशेबाचा प्रोग्राम, युनिकोडपूर्व मराठी फाँटसह वापरले जाणारे पेजमेकर ७ आणि जावाची जुनी आवृत्ती मागणारी एखादी प्रणाली एकाच संगणकावर आल्या, की एकीची फाइल दुसरीला नडते. मग ‘चालतंय ते चालू दे’ म्हणून एक संगणक जुन्या विंडोजवरच ठेवला जातो, आणि तोही कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेला असतो.

यातील धोका महाराष्ट्राने पाहिला आहे. जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तो विषाणू ज्या मार्गांनी पसरला, त्यांपैकी एका त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या विंडोजला अशी दुरुस्ती सहसा मिळत नाही.

विंडोज १० वापरणाऱ्या संस्थांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षे अपडेट घेता येतात. त्याचा मूळ दर प्रति संगणक पहिल्या वर्षी ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो. म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर.

व्हर्च्युअल पॅकेज म्हणजे काय?

पाहुण्याने स्वतःची वळकटी सोबत आणावी, तसे हे तंत्र आहे. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या फाइल आणि रजिस्ट्रीतील नोंदी एकाच पॅकेजमध्ये बांधल्या जातात. प्रोग्राम सुरू झाला की त्याला आपण नेहमीप्रमाणे इन्स्टॉल झालो आहोत असे ‘दिसते’. प्रत्यक्षात मूळ विंडोजमध्ये त्याच्या फाइल मिसळत नाहीत. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्याही शेजारी-शेजारी चालू शकतात. सॉफ्ट्रिसिटी या अमेरिकी कंपनीचे हे तंत्र मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतले. तेच पुढे ‘ॲप-व्ही’ झाले.

पॅकेज कसे तयार होते?

यासाठी दुसरे काहीही इन्स्टॉल न केलेला कोरा संगणक लागतो. बहुतेकदा तो व्हर्च्युअल मशीनमध्येच उभारतात, म्हणजे प्रत्येक प्रयोगानंतर मूळ स्थितीत परतता येते. त्यावर ‘सिक्वेन्सर’ हे साधन सुरू करून सॉफ्टवेअर इन्स्टॉल केले जाते. इन्स्टॉल होताना झालेला प्रत्येक बदल सिक्वेन्सर टिपतो. नंतर प्रोग्राम एकदा चालवून पाहतात, त्याचे आपोआप होणारे अपडेट बंद करतात आणि पॅकेज जतन करतात. ते सर्व्हरवरून हव्या त्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर पाठवता येते. नवी आवृत्ती बिघडली तर जुन्या पॅकेजवर परत येणेही सोपे असते.

सर्वांत मोठी चूक कोणती होते?

डेटाकडे दुर्लक्ष. हिशेबाचे अनेक जुने प्रोग्राम नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात. पॅकेजमधील मूळ फाइल मात्र बदलत नाही. बदल वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये वेगळे साठवले जातात. परिणामी, दोन कारकुनांनी एकाच प्रोग्राममध्ये नोंदी केल्या, तरी दोघांना आपापलाच हिशेब दिसू शकतो. पॅकेज दुरुस्त करताना किंवा काढताना त्या नोंदी पुसल्या जाण्याचीही भीती असते. म्हणून पॅकेज करण्याआधी डेटाची जागा सर्व्हरवरील सामाईक फोल्डरमध्ये हलवणे आणि बॅकअप घेणे अत्यावश्यक ठरते.

काय जमत नाही?

पॅकेज प्रोग्राम वाहून नेते, ड्रायव्हर नाही. जुन्या फाँट किंवा डिझाइन सॉफ्टवेअरला यूएसबी वा प्रिंटर पोर्टचे हार्डवेअर लॉक लागत असेल, तर त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर स्वतंत्रपणे चालायला हवा. विंडोज ११ फक्त ६४ बिट असल्याने १६ बिट प्रोग्राम त्यावर पॅकेज करूनही चालत नाहीत. डॉस काळातील फॉक्सप्रोवरील वेतनपत्रकासाठी इम्युलेटर किंवा वेगळे व्हर्च्युअल मशीनच लागते.

पॅकेज म्हणजे सुरक्षा कवच नव्हे, हेही महत्त्वाचे. त्यातील जुन्या जावामधील त्रुटी तशाच राहतात. परवानाही बदलत नाही. एका संगणकाचा परवाना चाळीस संगणकांना पुरत नाही.

कोणते साधन निवडावे?

ॲप-व्हीचा क्लायंट विंडोज १० व ११ च्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांतच मिळतो. छोट्या कार्यालयांत सहसा असणाऱ्या होम आणि प्रो आवृत्त्यांत तो नाही. शिवाय ॲप-व्हीच्या सर्व्हर भागाच्या पाठबळाची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच ठरवण्यात आली होती. २०१८ मध्ये आलेले ‘एमएसआयएक्स’ हे मायक्रोसॉफ्टचे नवे स्वरूप प्रो आवृत्तीवरही चालते आणि त्याचे पॅकेजिंग साधन मोफत आहे. मात्र पॅकेजवर विश्वासार्ह डिजिटल प्रमाणपत्राची सही लागते, आणि स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहू पाहणारे जुने प्रोग्राम येथेही अडतात.

सुरुवात कोठून करावी?

यादीपासून. कार्यालयात कोणते सॉफ्टवेअर आहे, ते किती बिटचे आहे, डेटा कोठे साठवते, लॉक लागते का आणि मूळ सीडी व परवाना क्रमांक हाताशी आहे का, हे आधी लिहून काढावे. इन्स्टॉलरच नसेल तर पॅकेज करता येत नाही. त्यानंतर एक प्रोग्राम, दोन वापरकर्ते आणि महिनाअखेरचा एक पूर्ण हिशेब, एवढी चाचणी घेऊनच पुढे जावे. पॅकेजमुळे जुन्या प्रोग्रामला आणखी काही वर्षे मिळतात. त्या काळात डेटा नव्या प्रणालीत नेण्याचे काम सुरू झाले, तरच त्या खर्चाला अर्थ आहे.