चेहऱ्यावर हक्क कोणाचा?

लासुर्ण्यातल्या आमच्या घरात भिंतीवर पहिली तसबीर लागली ती बाबासाहेबांची. तिच्याआधी आमच्या घराण्यातल्या एकाही माणसाचा चेहरा कोणी रंगवला नव्हता. पणजोबा कसे दिसत, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. मी चित्रकलेचा शिक्षक. व्यक्तिचित्र शिकवताना मला ती रिकामी भिंत आठवते.

व्यक्तिचित्र म्हणजे केवळ हुबेहूब चेहरा नव्हे. 'हा माणूस लक्षात ठेवण्याजोगा आहे' असा तो निवाडा असतो. आणि हा निवाडा बहुधा सत्ता व पैसा असणाऱ्यांनीच दिला. इजिप्तमध्ये फायूम येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून मेणात रंग कालवून लाकडी फळीवर मृतांचे चेहरे रंगवीत, तेही ऐपतदारांचेच. आपल्या पुण्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे तैलचित्र काढले. त्यात सेवकही उभे आहेत. पण शीर्षकात नावे दोघांचीच. बाकीचे नुसते 'सेवक'.

या व्यवस्थेला एका गुलामाने छेद दिला. हुआन दे पारेहा हा स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचा गुलाम. १६५० साली रोममध्ये मालकाने त्याचे चित्र काढले. त्यात तो मान ताठ ठेवून सरळ आपल्याकडे पाहतो. त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा कागद झाला. पुढे तो स्वतः चित्रकार झाला. १६६१ च्या आपल्या एका भव्य धार्मिक चित्राच्या कडेला त्याने स्वतःला उभे केले, हातात आपल्या सहीचा कागद देऊन. दुसऱ्याने काढलेला चेहरा आणि आपण काढलेला चेहरा यांतले अंतर त्याने ओळखले होते.

आपण ते ओळखले आहे काय? वर्गात आजीचे चित्र काढायला सांगितले, की मुले सावळ्या आजीला गुलाबी करतात. 'अंगाचा रंग' म्हणून त्यांच्या मनात फिकट गुलाबीच बसलेला असतो. मग मी येलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मिसळून दाखवतो, सावलीला थोडा अल्ट्रामरीन घालतो. काळ्या कपाळावर आभाळाचा निळसर उजेड कसा पडतो, ते मुलांना उन्हात उभे करून दाखवतो. काळा रंग म्हणजे रंगाचा अभाव नाही, हे डोळ्यांना शिकवावे लागते. कारण डोळ्यांनाही जात शिकवलेली असते.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले ते १२ एप्रिल १९९० रोजी. वस्त्यांनी त्यांची तसबीर त्याच्या कितीतरी आधी लावली होती. निवाडा आपण स्वतः देऊ शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले.

आता पुढचे काम आपल्या म्हाताऱ्यांचे. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा. त्यावर चौकोन पाडून मी तो कॅनव्हासवर मोठा करतो आहे. रंग तिचाच ठेवणार आहे आणि खाली तिचे पूर्ण नाव लिहिणार आहे. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे अजून आहेत, त्यांनी त्यांना उजेडात बसवावे. उशीर करू नये.