केशरोपण : हौस, गरज आणि हिशेब

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या मध्यमवर्गीय वस्तीत घरखर्चाच्या यादीत अलीकडे एका नव्या बाबीने प्रवेश केला आहे. सदनिकेचा हप्ता, धाकट्याचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी या ओळखीच्या रकमांच्या शेजारी आता घरातील पंचविशी-तिशीच्या मुलाच्या केशरोपणाचा प्रश्न येऊन बसतो. मुलगा नोकरीला लागलेला असतो, लग्नाचे पाहणे सुरू व्हायचे असते आणि नेमके त्याच वेळी कपाळ मागे सरकू लागते. घरातील वडीलधारी मंडळी ‘पुरुषाला कसले आले आहे रूप?’ म्हणून विषय हसण्यावारी नेतात. जाहिराती मात्र त्याला एका दिवसात काम होईल, पैसे हप्त्याने द्या, असे आश्वासन देतात. थट्टा आणि जाहिरात या दोहोंच्या मध्ये तो तरुण एकटा सापडतो. निर्णय त्याचा असला, तरी तो विचारपूर्वक कसा घ्यावा हे त्याला कोणी सांगत नाही.

प्रथम थट्टेचा विचार केला पाहिजे. केस गळण्याने माणसाचे आरोग्य बिघडत नाही, हे खरे. परंतु ज्या समाजात वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत छायाचित्र आधी पाहिले जाते आणि शिक्षण नंतर वाचले जाते, त्या समाजाने केसांची किंमत आधीच ठरवून टाकलेली असते. स्वागतकक्षात, विक्रीच्या कामात, ग्राहकांसमोर उभे राहण्याच्या नोकऱ्यांत ती किंमत न बोलता वसूल होते. अंधेरी आणि गोरेगावच्या आसपास चित्रपट-मालिकांच्या धंद्यावर जगणाऱ्या शेकडो होतकरू तरुणांच्या बाबतीत तर केस हे धंद्याचे हत्यारच होय. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ हे एकाच विषयावरील दोन हिंदी चित्रपट जेमतेम आठवड्याच्या अंतराने पडद्यावर आले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. पहिल्याचा नायक तर महाविद्यालयात हिंदी शिकविणारा प्राध्यापक होता. तेव्हा ज्याला या गोष्टीचे दुःख होते, त्याला उथळ ठरविण्याचा अधिकार इतरांना नाही. प्रश्न एवढाच उरतो की, या दुःखावर जो उपाय विकला जातो तो नेमका काय देतो आणि काय घेतो?

कलमांचे गणित

टक्कल का पडते याचे उत्तर पुष्कळसे सापडलेले आहे. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांना पुरुषी संप्रेरक दिले, तर घराण्यात टक्कल असणाऱ्यांचे केस जाऊ लागतात. म्हणजे आनुवंशिकता आणि संप्रेरक यांचा हा संयुक्त परिणाम. तेल, साबण, पाणी किंवा हेल्मेट यांच्याकडे त्याचा दोष जात नाही. डोक्याच्या मागील आणि बाजूच्या पट्ट्यातील केस मात्र या संप्रेरकाला सहसा बधत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५२ पासून या पट्ट्यातील त्वचेचे बारीक तुकडे पुढे लावून पाहिले आणि १९५९ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला : केस जेथून काढला तेथला स्वभाव तो नव्या जागीही सोडत नाही. कोकणातील बागाईतदाराला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. हापूसची काडी रायवळ खुंटावर बांधली, तरी फळ हापूसचेच लागते.

आज पूर्वीसारखे मोठे तुकडे काढीत नाहीत. एक ते चार केसांचे एकेक मूळ स्थानिक भूल देऊन सुटे काढतात, किंवा मागील त्वचेची एक अरुंद पट्टी कापून तिच्यातून ती मुळे वेगळी करतात. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुधा गळून जातात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि खरा परिणाम दिसायला सुमारे वर्ष लागते. तंत्र पुष्कळ सुधारले आहे आणि योग्य हातांत ते चांगले काम करते, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु जाहिरातीत न येणारी गोष्ट ही की, या शस्त्रक्रियेने डोक्यावर एकही नवा केस निर्माण होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे उत्पादन नसून पुनर्वाटप आहे. मागील पट्टा हे ठरीव भांडवल. त्यातून आयुष्यभरात काही हजार कलमे निघू शकतात. काढलेल्या जागी पुन्हा केस येत नाहीत. एका कलमात सरासरी दोन केस धरले, तर अडीच हजार कलमे म्हणजे पाच हजार केस. सबंध डोक्यावर मुळात लाखाच्या आसपास केस असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाच हजारांनी काय झाकता येईल आणि काय नाही, याचा अंदाज येतो. चांगला शल्यचिकित्सक ते अशा कौशल्याने मांडतो की, थोड्यात पुष्कळाचा भास व्हावा. भास सुंदर असू शकतो. पण ज्याने पूर्वीच्या दाट केसांची अपेक्षा धरली असेल, त्याची निराशा ठरलेली आहे.

वयाचा प्रश्न

येथे वयाचा प्रश्न येतो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. केसांची चिंता ज्या वयात सर्वाधिक तीव्र असते, त्याच वयात टक्कल कुठवर जाणार हे सर्वांत कमी ठाऊक असते. चोवीस वर्षांच्या मुलाने कपाळाचे दोन कोपरे भरून घेतले आणि पस्तिशीपर्यंत त्यामागचे केस गेले, तर लावलेले केस समुद्रातील बेटासारखे पुढे उभे राहतात. मागचे भरण्यासाठी पुन्हा कलमे हवीत, आणि भांडवल तर पहिल्याच खेपेत खर्ची पडलेले. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही अगदी तरुण रुग्ण, ज्यांचे टक्कल अजून पसरत आहे, त्यांच्याबाबत सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. अवास्तव अपेक्षा बाळगणाऱ्यांनाही तो लागू केला आहे.

उरलेले केस टिकविण्याचे औषधी उपाय आहेत. मूळचे रक्तदाबावरील औषध असलेल्या मिनॉक्सिडिलला डोक्यास लावण्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली आणि फिनास्टेराइडच्या गोळीला १९९७ मध्ये. दोन्ही घेत राहावी लागतात. थांबविली की मिळविलेले हळूहळू जाते. गोळीचे काहींच्या लैंगिक आरोग्यावर आणि मनःस्थितीवर दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून ती वैद्याला विचारल्यावाचून घेणे बरे नव्हे. परंतु त्यांचा एक मोठा गुण असा की, ती बंद करता येतात. कापलेले कलम परत बसविता येत नाही. ज्या निर्णयातून माघार घेता येते तो आधी आणि ज्यातून घेता येत नाही तो नंतर, हा क्रम कोणत्याही शहाण्या गृहस्थाला पटावा.

अजाण ग्राहक, जाणता विक्रेता

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकसेवेच्या बाजाराचे वैगुण्य दाखविले होते : येथे मालाची प्रत विकणाऱ्याला कळते, घेणाऱ्याला कळत नाही. आजारी माणसाच्या बाबतीत वैद्याची व्यावसायिक नीती ही उणीव काही अंशी भरून काढते. केशरोपणात ग्राहक आजारी नसतो, घाई कसलीच नसते आणि त्याच्यासमोर बसलेली व्यक्ती पुष्कळदा वैद्य नसून सल्लागार म्हणविणारी विक्रेतीच असते. कलमामागे दर लावला की अधिक कलमे सुचविण्याचा मोह आपोआप उत्पन्न होतो. आधीचे आणि नंतरचे अशी छायाचित्रे दाखविली जातात. प्रकाश कोठून पाडला आणि केस ओले होते की कोरडे, हे छायाचित्र सांगत नाही. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते.

या व्यवहारातील धोका केवळ पैशाचा नाही. मार्च २०१९ मध्ये साकीनाका परिसरात राहणाऱ्या एका व्यावसायिकाने मध्य मुंबईतील एका दवाखान्यात केशरोपण करून घेतले. त्या वेळच्या वृत्तांनुसार एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक कलमे लावली गेली. घरी परतल्यावर चेहऱ्यावर सूज आणि श्वासास अडथळा अशी लक्षणे दिसू लागली आणि दोन दिवसांच्या आत त्याचा अंत झाला. तीव्र ॲलर्जीचा संशय डॉक्टरांनी तेव्हा व्यक्त केला. अशा घटना विरळ आहेत, हे सांगितलेच पाहिजे. परंतु भुलीच्या औषधाला शरीराच्या वजनाप्रमाणे मर्यादा असते, बैठक लांबत जाते तसतशी ती ओलांडण्याची भीती वाढते आणि काही विपरीत घडलेच तर पहिल्या काही मिनिटांत उपचार मिळणे निर्णायक ठरते. बाजारपेठेतील एखाद्या गाळ्यात ती सोय असेलच असे नाही. २०२५ मध्ये कानपुरात केशरोपणानंतर एका अभियंत्याचा मृत्यू झाला, तेव्हा गुन्हा नोंदला गेला तो एका दंतवैद्यावर.

शासन स्वस्थ बसले होते असे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की, केशरोपण रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यकानेच करावे. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळविलेले ज्ञान त्याला पुरेसे नाही. उद्देश उत्तम, परंतु सूचना कागदावर आणि दवाखाना रस्त्यावर, या दोहोंमध्ये तपासणी करणारे कोणी हवे असते. करवसुलीच्या बाबतीत मात्र हा संदेह नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा आरोग्यसेवा करमुक्त ठेवली गेली आणि केशरोपण, जन्मजात दोष वा अपघात यांची बाब सोडल्यास, त्यातून नावानिशी वगळले गेले. आरोग्यविमाही सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा भार सहसा उचलत नाही. म्हणजे कर घेताना सरकार या सेवेला ओळखते. तितक्याच नेमकेपणाने तपासणी करतानाही तिने ती ओळखावी, अशी मागणी नागरिकाने केली तर ती अवाजवी ठरू नये. वैद्यकसेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिलेला आहे. पण न्यायालय भरपाई देऊ शकते, मागील पट्टा पुन्हा भरून देऊ शकत नाही.

निर्णयापूर्वी

तोपर्यंत सावधगिरी ग्राहकालाच बाळगावी लागणार. पहिले पाऊल केशरोपण विकणाऱ्याकडे न वळता त्वचारोगतज्ज्ञाकडे वळावे. विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात किंवा शीव, के. ई. एम., नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग आहे आणि तेथे बसलेल्या डॉक्टरचे उत्पन्न कलमांच्या संख्येवर अवलंबून नाही. केस कमी लोहामुळे, थायरॉइडच्या विकाराने किंवा एखाद्या तापानंतर गळत असतील, तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच उद्भवत नाही. ती करण्याचे ठरलेच, तर डॉक्टरचे नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत पाहावे; चीर कोण देणार, डॉक्टर की साहाय्यक, हे विचारावे; प्राणवायू आणि तातडीच्या उपचाराची काय व्यवस्था आहे ते पाहावे; पुढील वीस वर्षांत टक्कल वाढले तर मागील पट्ट्यात काय शिल्लक राहील, याचे उत्तर मागावे. या शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो, त्याच्या दारातून परत फिरणे श्रेयस्कर.

पैशांच्या बाबतीत जुना नियम पुरेसा आहे. साठविलेल्या पैशातून, तो गेला तरी घराचे काही अडणार नाही एवढ्या रकमेतून, हा खर्च करणारा पस्तिशी-चाळिशीतला गृहस्थ, ज्याचे टक्कल स्थिरावले आहे आणि ज्याला थोडक्यात समाधान मानता येते, तो काही गैर करीत नाही. उलट, लग्न ठरावे म्हणून कर्जाच्या हप्त्यावर डोके पुढे करणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलाने थांबावे, हेच त्याच्या हिताचे. त्याच्या घरच्यांनीही ही घाई वाढवू नये. मुलीकडच्यांनी केस पाहिले म्हणून जे कुरकुर करतात, तेच आपल्या मुलासाठी मुलगी पाहताना रंग आणि उंची मोजतात. हा माप घेण्याचा व्यवहार जोवर दोन्ही बाजूंनी चालू आहे, तोवर शस्त्रक्रियेच्या खोल्या रिकाम्या राहणार नाहीत; आणि त्या जितक्या अधिक भरतील, तितके टक्कल असलेल्या इतरांचे मोल बाजारात उतरत जाईल.