मिशनच्या कागदांत गोंडांचा इतिहास

• स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३): स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८४५ पासून नागपुरात. टाकळघाटहून परतताना फुगलेल्या नाल्यात बुडून मृत्यू.

• त्यांची टिपणे: मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यांत गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची कथा, गोंडी शब्द रोमन लिपीत. सांगणारा परधान (गोंडांचा भाट), टिपणारा पाद्री, छापणारा अधिकारी. वाचताना तिघेही ध्यानात ठेवायचे.

• कचारगड (ता. सालेकसा, जि. गोंदिया): लिंगोने गोंड देवांना सोडवले ती गुहा हीच, अशी श्रद्धा. यात्रा माघ पौर्णिमेला.

• साधने: मिशनचे अहवाल मायदेशातल्या देणगीदारांसाठी, गॅझेटियर कारभारासाठी. मराठी ख्रिस्ती लेखकांची आत्मकथने निराळी: बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

• गोंदिया जिल्हा १ मे १९९९ चा. त्याआधीच्या नोंदी भंडाऱ्याच्या नावाखाली.