तबकडी गेली, प्रश्न उरला

ग्रंथालयाने पैसे मोजून घेतलेली वस्तू ग्रंथालयाच्या मालकीची होते, ही समजूत छापील ग्रंथांच्या काळात इतकी स्वाभाविक होती की तिचा उच्चार करण्याचीही गरज भासत नसे. या समजुतीला तडा गेला तो इंटरनेटमुळे, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः सीडी-रॉमच्या तबकडीने ते काम आधीच केले होते.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८३ साली सीडी-रॉमचे प्रमाण निश्चित केले. पुढे काही वर्षांतच वैद्यकातील ‘मेडलाइन’, शिक्षणशास्त्रातील ‘एरिक’ यांसारख्या अवाढव्य संदर्भसूची तळहाताएवढ्या तबकडीवर येऊ लागल्या. दूरध्वनीच्या तारेवरून दूरदेशीच्या संगणकाशी संधान बांधायचे आणि मिनिटामिनिटाचा आकार मोजायचा, हा खर्च न परवडणाऱ्या ग्रंथालयांना ही सोय वरदानच वाटली. एकदा वर्गणी भरली की वाचकाने हवा तितका वेळ शोध घ्यावा!

परंतु एक तबकडी, एक संगणक आणि एक वाचक, हे बंधन लवकरच जाचू लागले. म्हणून तबकड्यांचे मनोरे उभारून ते नेटवर्कला जोडण्यात आले. प्रारंभीच्या यंत्रांचा वाचनवेग सेकंदाला अवघा १५० किलोबाइट. अनेक वाचकांची मागणी एकदम आली की यंत्र अडखळे. मग तबकडीवरील मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचा मार्ग निघाला. यंत्राची अडचण अशी सुटली. कराराची मात्र सुटली नाही. एका संगणकासाठी एक दर, नेटवर्कसाठी त्याहून चढा, आणि तोही एकाच वेळी किती जण वापरणार यावर ठरणारा. शिवाय अनेक करारांत नवी तबकडी येताच जुनी परत करण्याची आणि वर्गणी थांबल्यास सर्वच परत करण्याची अट असे. छापील सूचीची वर्गणी बंद झाली तरी मागील खंड कपाटात राहत. येथे कपाटच रिकामे होई. ग्रंथालय मालक न राहता भाडेकरू झाले, ते असे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९७ साली ‘पबमेड’च्या द्वारे मेडलाइन सर्वांना विनामूल्य खुली केली. सार्वजनिक निधीतून सिद्ध झालेले ज्ञान सार्वजनिक ठेवता येते, हे त्यातून दिसले. बहुसंख्य नियतकालिके मात्र भाडेपट्ट्यावरच राहिली.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण उघड आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था, असा तिचा विस्तार आहे. आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही महानगरातील संशोधकाइतकेच वाचायला मिळावे, हा तिचा हेतू निःसंशय स्तुत्य होय.

तथापि, उद्या वर्गणी थांबली तर ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक वाचकाला उघडता येतील काय? त्यांची प्रत देशात जतन होणार काय? या प्रश्नांची उत्तरे करारात असावी लागतात आणि ती प्रत्येक ग्रंथपालाला ठाऊक असावी लागतात. वाचनाची सोय आणि ग्रंथसंग्रह या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या आनंदात दुसरीचा विसर पडला, तर पुढील पिढीच्या हाती रिकामे कपाट तेवढे येईल.