जॅझ संगीत वेदीपाशी नेणाऱ्या मेरी लू विल्यम्स

जॅझ म्हटले की हॉटेलातील नाचगाणे डोळ्यांसमोर येते. ते संगीत पवित्र मिस्सामध्ये वाजावे, ही कल्पना अनेक भाविकांना आजही रुचणार नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पियानोवादक व संगीतरचनाकार मेरी लू विल्यम्स यांनी मात्र उत्तरायुष्यात याच कल्पनेचा ध्यास घेतला.

1910 साली अटलांटा येथे जन्मलेल्या मेरी लू पिट्सबर्गमध्ये वाढल्या. अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात त्या पियानो वाजवीत आणि त्यासाठी रचनाही करीत. पुढे ड्यूक एलिंग्टन व बेनी गुडमन यांसारख्या नामवंतांनी त्यांच्याकडून संगीतलेखन करवून घेतले. पुरुषांचेच वर्चस्व असलेल्या त्या क्षेत्रात हे यश सामान्य नव्हे.

तरीही मन अस्वस्थ होते. 1954 मध्ये पॅरिस येथे त्यांनी वादन अचानक थांबविले. न्यूयॉर्कला परतल्यावर प्रार्थना आणि व्यसनाधीन संगीतकारांची सेवा यांत त्यांचे दिवस जाऊ लागले. 1957 साली त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार स्वीकारला. संगीताकडे परतण्यास त्या राजी नव्हत्या. देवाने दिलेले दान असे पुरून ठेवू नये, हे त्यांना धर्मगुरूंनीच पटवून दिले! त्याच वर्षी न्यूपोर्ट महोत्सवात डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्या पुन्हा वाजविण्यास बसल्या.

1962 साली पोप जॉन तेविसावे यांनी पेरू देशातील मार्टिन डी पोरेस यांना संतपद बहाल केले. स्पॅनिश पिता आणि गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय माता यांचा हा पुत्र. मेरी लू यांनी त्यांच्यावर स्तोत्र रचले. त्यात बहुतांशी केवळ गायकवृंदाचे स्वर आहेत, मध्ये थोडा पियानो. जॅझचा उगम गुलामांच्या यातनांत व त्यांच्या भक्तिगीतांत आहे, अशी त्यांची धारणा होती. मग त्याला मंदिराबाहेर का ठेवावे? 1963 मध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषा व लोकसंगीत यांना वाव दिला. आपली मराठी मिस्साही त्याच दारातून आली.

मेरी लू यांनी एकूण तीन मिस्सांना संगीत दिले. त्यांतील तिसरी ‘मेरी लूज मास’ या नावाने ख्यात झाली. फेब्रुवारी 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये ती सादर झाली. त्या वेदीसमोर जॅझ वाजण्याची ती पहिलीच वेळ होती. 1977 पासून ड्यूक विद्यापीठात त्या जॅझचे अध्यापन करू लागल्या आणि 28 मे 1981 रोजी त्यांनी देह ठेवला.