किटमधला एलईडी लागला, आता गच्चीवरची टाकी फोनवर आणू या!



स्टार्टर किटचा व्हिडिओ बघून अनेक जण विचारतात, "सर, एलईडी लुकलुकला, सेन्सरही चालला. आता यातून पैसे कसे कमवायचे?" प्रश्न रास्त आहे. टेबलावर लुकलुकणाऱ्या एलईडीला कुणी पैसे देत नाही. पैसे मिळतात ते कुणाची तरी चक्कर वाचवली तर. म्हणून आज एकच उदाहरण धरू: सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. टाकी भरली का हे बघायला वॉचमन चार जिने चढतो, नाहीतर पाणी ओसंडून भिंतीवरून वाहायला लागलं की सगळ्यांना कळतं. टाकीची पातळी खाली मोबाईलवर दिसली तर सेक्रेटरी ऐकून घेईल.

बहुतेक किटमध्ये आर्डुइनो उनो असतो. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनोची सुरुवात झाली, आणि शिकायला उनो आजही उत्तम. ५ व्होल्टवर चालतो आणि नवशिक्याच्या चुका बऱ्यापैकी सहन करतो. पण नेहमीच्या उनो आर३ मध्ये वायरलेस नाही. मग मुलं दोन वाटांनी जातात.

पहिली वाट एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलची. एका संध्याकाळी जमतं, मोबाईलवरून दिवा लावून बघा, मजा येते. पण पल्ला साधारण १० मीटर, आणि आयफोनशी ते बोलत नाही. सेक्रेटरीकडे आयफोन निघाला तर डेमो तिथेच संपला. दुसरी वाट म्हणजे उनोला ईएसपी-०१ हे वाय-फाय मॉड्यूल जोडणं. इथे पोरं दोन-दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात, आणि चूक असते वीजपुरवठ्यात. उनोची ३.३ व्होल्टची पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते. वाय-फाय सिग्नल सोडताना हे मॉड्यूल क्षणभर ३०० च्या आसपास मागतं. मिळालं नाही की रिसेट. कोड बिचारा ठीकच असतो.

माझं मत सरळ आहे: शिकणं उनोवर, विकायची वस्तू ईएसपी३२ वर. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ ला आली. वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही आत, आणि प्रोग्राम त्याच आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून जातो. तुमच्या किटमधला ब्रेडबोर्ड, वायरी, सेन्सर सगळं कामाला येतं. बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हातात घेऊन बघता येतो.

फक्त उनोच्या सवयी जशाच्या तशा नेऊ नका. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. किटमधला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर इको पिनवर ५ व्होल्ट परत देतो. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहम असे दोन रेझिस्टर टाका, म्हणजे ३.३ च्या आसपास येतं. तसंच काही अॅनालॉग पिना (एडीसी२ गटातल्या) वाय-फाय चालू असताना रीडिंग देत नाहीत. आणि हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव दिसलं तर ते सोडून द्या.

आता गच्चीवर चला. टाकीच्या आत दमटपणा असतो, त्यात किटमधला उघडा सेन्सर टिकत नाही. वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी लावा. पण त्याला साधारण २० ते २५ सेंटीमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरली, नेमकं तेव्हाच रीडिंग चुकणार! म्हणून सेन्सर झाकणाच्या वर पाइपचा तुकडा देऊन उंच बसवा. दुसरी अडचण स्लॅबची. तळमजल्यावरच्या राउटरचा सिग्नल चार स्लॅब ओलांडेल या भरवशावर राहू नका. काहीही बसवण्याआधी मोबाईल घेऊन गच्चीवर जा आणि तिथे वाय-फाय दिसतंय का ते बघा. नसेल तर वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घराचं वाय-फाय मागा, किंवा दोन ईएसपी३२ घेऊन ते ईएसपी-नाऊ पद्धतीने राउटरशिवाय एकमेकांशी बोलवा.

इथपर्यंत जमलं की डेमो होतो. धंदा मात्र पुढच्या प्रश्नावर उभा आहे: वाय-फाय गेलं तर काय?

हिशेब करून बघा. समजा सामान १,५०० रुपयांचं आणि वस्तू विकली ३,००० ला. कुणीतरी राउटरचा पासवर्ड बदलला, तुम्हाला फोन आला. तुमचा अर्धा दिवस ४०० रुपयांचा धरला आणि पेट्रोल १००. वर्षात अशा ३ चकरा झाल्या की सगळा नफा संपला. म्हणून पासवर्ड कोडमध्ये लिहून देऊच नका. वायफायमॅनेजर नावाची फुकट लायब्ररी आहे. ओळखीचं वाय-फाय सापडलं नाही की बोर्ड स्वतःचंच हॉटस्पॉट सुरू करतो. वॉचमन मोबाईलवरून त्याला जोडून नवा पासवर्ड टाकू शकतो. हे काम त्याच्याकडूनच एकदा करून घ्या, तुम्ही बाजूला उभे राहा. लाइट गेल्यावर बोर्ड आपोआप परत जोडला जातो का, हे राउटर १० वेळा बंद-चालू करून घरीच तपासा. आणि बातमी बंद झाली तर स्क्रीनवर जुना आकडा तसाच दिसता कामा नये. तिथे 'संपर्क नाही' असं आलं पाहिजे. जुना '४० टक्के' बघून कुणी मोटर चालू ठेवली तर वाहिलेलं पाणी तुमच्या नावावर.

मोटर आपोआप बंद करून द्या, असं गिऱ्हाईक लगेच म्हणेल. पहिल्या वस्तूत नाही म्हणा. किटमधल्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटर सुरू होताना काही पट जास्त करंट खेचते आणि रिलेचे संपर्क चिकटतात. तिथे काँटॅक्टर लागतो आणि परवानाधारक वायरमन लागतो. शिवाय मोटर बंद करण्याचं काम फक्त वायरलेसवर सोपवायचं नसतं, सोबत वायरने जोडलेला फ्लोट स्विच हवाच. तुमची पहिली वस्तू फक्त पातळी दाखवेल आणि टाकी भरली की बझर वाजवेल. तेवढ्याचे पैसे घ्या.

एक कागदाचं कामही आहे. आपल्या देशात वायरलेस उपकरण विकायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते. मॉड्यूल घेतानाच विक्रेत्याला विचारा, याचं ईटीए प्रमाणपत्र आहे का, आणि प्रत मागून घ्या. जो प्रत देत नाही त्याच्याकडून शिकण्यासाठी एखादा नग घ्या, विकण्यासाठी नको.

या आठवड्यात आपल्याच इमारतीची किंवा नातेवाईकांची टाकी निवडा, बॉक्स बसवा आणि महिनाभर चालू द्या. वहीत तारीख घालून लिहीत जा: किती वेळा बंद पडला, कशामुळे, आणि तुम्ही न जाता सुरू झाला का. सेक्रेटरीकडे जाताना ती वही बरोबर घ्या.